मालक आपणच, मग काम ठरवायचं कुणी?

‘महिन्याला किती कमवायचं ठरवू?’ नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू करणारा माणूस बहुधा हाच प्रश्न आधी विचारतो. घरून ब्लाऊज शिवून देणारी बाई, वायरिंगची कामं घेणारा आयटीआय झालेला मुलगा, पुस्तकांची मुखपृष्ठं करणारा चित्रकार, सगळ्यांचा प्रश्न एकच. तो रास्तही आहे. पगार थांबला, घरखर्च थांबलेला नाही, तेव्हा डोक्यात आधी आकडाच येणार. पण पंचवीस हजार, पन्नास हजार असा आकडा डायरीच्या पहिल्या पानावर लिहिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला बसताना आधी काय हातात घ्यायचं हे उमजलं नाही, तर त्या आकड्याचा आधार वाटण्याऐवजी धाक वाटू लागतो. या प्रकरणात मला जे सांगायचं आहे ते असं: मिळकतीचा आकडा हिशेबासाठी जरूर काढा, ध्येय मात्र आपल्या हातातल्या कामाचं ठरवा, आणि ते दिवसाला मोजायचं, आठवड्याला की महिन्याला, हेही त्याच बैठकीत ठरवून टाका.

१. साहेब काय काय करत होता

ध्येय ठरवण्याबद्दल आज जे शिकवलं जातं, त्यातलं बरंचसं नोकरीतल्या माणसांना डोळ्यांसमोर ठेवून तयार झालेलं आहे. पीटर ड्रकर यांनी १९५४ साली ‘द प्रॅक्टिस ऑफ मॅनेजमेंट’ या पुस्तकात उद्दिष्टं ठरवून कारभार चालवण्याची कल्पना मांडली, ती कंपन्यांसाठी. पुढे १९८१ साली जॉर्ज डोरन यांनी ‘स्मार्ट’ नावाची कसोटी सांगितली, ती आता शाळेच्या कार्यशाळांतही ऐकू येते. ध्येय नेमकं असावं, मोजता यावं, कुणाकडे तरी सोपवलेलं असावं, जमण्यासारखं असावं आणि त्याला मुदत असावी, अशा तिच्या पाच अटी. यातली तिसरी अट पाहा. काम कुणी करायचं ते ठरलेलं असावं, असं डोरन म्हणतात. स्वतःचं काम करणाऱ्याच्या वहीत त्या रकान्यात कायम एकच नाव असतं.

नोकरीत असताना आपल्याला जाणवत नाही, पण साहेब चार कामं करत असतो. आधी काय करायचं ते सांगतो, झालं की नाही ते पाहतो, संध्याकाळी आणि रविवारी सोडतो, आणि महिनाअखेर पगार काढतो. नोकरी सुटली की ही चारही कामं आपल्या अंगावर येतात. नवीन माणूस पहिल्या कामापाशीच थांबतो, ‘काय करायचं’ ते लिहितो आणि बाकीची तीन विसरतो. मग वेळ आपला असूनही कामं का उरतात, या प्रश्नाचं उत्तर त्याला सापडत नाही.

२. ‘होईल तेवढं करू’ यात काय अडतं

एडविन लॉक यांनी १९६८ साली मांडलेला आणि पुढे गॅरी लॅथम यांच्यासोबत वाढवलेला सिद्धांत थोडक्यात असा: नेमकं आणि थोडं अवघड ध्येय समोर असलं, तर माणूस ‘होईल तेवढं करू’ या भावनेने करतो त्यापेक्षा जास्त काम करतो. यामागचा लॅथम आणि बाल्डेस यांचा १९७५ सालचा एक अनुभव सांगण्यासारखा आहे. अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यात झाडांचे ओंडके वाहून नेणारे ट्रक कायद्याने परवानगी असलेल्या वजनाच्या जेमतेम ६० टक्केच भरून निघत. ओंडके लहानमोठे, त्यामुळे किती भरले म्हणजे वजन पुरं झालं याचा अंदाज चालकालाच घ्यावा लागे. ‘होईल तेवढं भरा’ असं सांगून फरक पडत नव्हता. मग चालकांना ९४ टक्के हा आकडा दिला. जास्तीचे पैसे दिले नाहीत, गाठला नाही तर शिक्षाही ठेवली नाही. काही महिन्यांत भरती ९० टक्क्यांच्या आसपास गेली आणि तिथेच टिकली.

आकड्याने इथे काय केलं? चालकाची ताकद किंवा त्याचा ट्रक बदलला नाही. दर खेपेला थांबून ‘अजून एक ओंडका बसेल का’ हे पाहण्याची सवय त्याला लागली.

मात्र ही गोष्ट अर्धीच सांगून चालणार नाही. हे चालक आपल्या कामात मुरलेले होते. काम नुकतं शिकायला घेतलं असेल तर उलटं होऊ शकतं. रूथ कॅन्फर आणि फिलिप अ‍ॅकरमन यांनी १९८९ साली अमेरिकी हवाई दलातल्या प्रशिक्षणार्थींना विमानवाहतूक नियंत्रणाचं संगणकावरचं नकली काम दिलं. शिकण्याच्या सुरुवातीलाच ज्यांना गुणांचं लक्ष्य दिलं, त्यांचं काम बिघडलं, कारण लक्ष आकड्यावर राहिलं आणि कामाचे बारकावे शिकायचे राहून गेले. म्हणून स्वतःच्या कामाच्या पहिल्या वर्षी मिळकतीचं मोठं लक्ष्य ठेवू नये, असं माझं ठाम मत आहे. ‘यंदा प्रिन्सेस कटचा ब्लाऊज पहिल्या ट्रायललाच बसला पाहिजे’ हे पहिल्या वर्षाचं उत्तम ध्येय आहे. पैशाचं दुसऱ्या वर्षी ठरवावं.

३. वर्षाचा हिशेब

आता वही घेऊ. नाशिकसारख्या शहरात घरून ब्लाऊज शिवणारी, काम चांगलं येणारी एक बाई समजा. तिला घरात महिना २०,००० रुपये द्यायचे आहेत. मशीनची दुरुस्ती, आजारपण, फोन यांसाठी ३,००० बाजूला पडायला हवेत. म्हणजे महिना २३,००० आणि वर्षाला २,७६,०००. फॉल-पिकोची किरकोळ कामं वर्षाला ६०,००० देतात असं धरू. उरले २,१६,०००, ते ब्लाऊजमधून यायचे.

अस्तराच्या ब्लाऊजची शिलाई ४५० रुपये. अस्तर, दोरा, हुक, वीज मिळून ९० जातात. हातात ३६० राहतात. २,१६,००० ला ३६० ने भागलं की येतात ६०० ब्लाऊज. इथे आकडा रुपयांतून कामात उतरला. ‘२३,००० मिळवायचे’ यावर सकाळी उठून काही करता येत नाही, पण ६०० ब्लाऊज म्हटल्यावर मशीन, दिवस आणि गिऱ्हाइकं डोळ्यांसमोर येतात.

वर्षाचे ३६५ दिवस, त्यातून ५२ आठवडी सुट्ट्या आणि सणवार, लग्नकार्यं, आजारपण यांचे ३० दिवस काढले तर २८३ उरतात, म्हणजे महिन्याला साधारण २४. रोज दोन ब्लाऊज झाले की जमलं, असं वाटेल. नेमकी इथेच बहुतेकांची गाडी अडते, कारण काम वर्षभर सारखं येत नाही. श्रावण आणि गौरी-गणपती, नवरात्र-दिवाळी, तुळशीच्या लग्नानंतरची लग्नं, एप्रिल-मेची लग्नसराई या सहा महिन्यांत दारात रांग असते. आषाढात, पितृपक्षात, पौषात, मुलांच्या परीक्षांच्या दिवसांत मशीन थंड असतं. म्हणून गर्दीच्या सहा महिन्यांत महिन्याला ७० आणि बाकीच्या सहांत ३० असे ६०० वाटून घ्यावे लागतात.

गर्दीच्या महिन्यात ७० ब्लाऊज म्हणजे दिवसाला जवळजवळ तीन. कटिंगपासून हुक लावेपर्यंत एका ब्लाऊजला सव्वादोन तास धरले, तर पावणेसात तास मशीनवरच गेले. माप घेणं, ट्रायल, उसवून पुन्हा शिवणं, फॉल-पिको यांचे दोन तास वेगळे. म्हणजे तिसरा ब्लाऊज ही तिची हद्द आहे. चौथा घ्यायचा तर हुक आणि हातशिलाई शेजारच्या एखाद्या बाईला नगावर द्यावी लागेल, नाहीतर झोप कमी करावी लागेल. हद्द कुठे आहे हे मे महिन्यात कळण्यापेक्षा जानेवारीत कागदावर कळलेलं केव्हाही बरं.

आता पैसे पाहू. ७० ब्लाऊजच्या महिन्यात फॉल-पिकोचे ५,००० धरून ३०,२०० हातात येतात, ३० च्या महिन्यात १५,८००. लागतात दर महिन्याला २३,०००. गर्दीच्या महिन्यात ७,२०० जास्त, मंदीच्या महिन्यात तेवढेच कमी. आपल्याकडे पाऊस चार महिने पडतो आणि पाणी बारा महिने लागतं, म्हणून पडेल ते अडवून ठेवावं लागतं, तसेच मे महिन्यातले ते ७,२०० जुलैसाठी अडवायचे आहेत. ती रक्कम त्याच महिन्यात वेगळ्या खात्यात टाकणं हे ७० ब्लाऊजच्या बरोबरीचं ध्येय आहे. साहेबाचं पगार काढण्याचं चौथं काम ते हेच.

४. आकडा रोजचा की महिन्याचा

न्यूयॉर्कमधल्या टॅक्सीवाल्यांवर १९९७ साली कॉलिन कॅमरर, लिंडा बॅबकॉक, जॉर्ज लोवेनस्टीन आणि रिचर्ड थेलर यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. तिथले बरेच चालक बारा तासांच्या पाळीसाठी ठरावीक भाड्याने गाडी घेत. वरची कमाई त्यांची, आणि कधी घरी जायचं तेही त्यांच्या मर्जीवर. अर्थशास्त्राच्या साध्या नियमाने पाहिलं तर ज्या दिवशी गिऱ्हाइकं भराभर मिळतात, त्या दिवशी जास्त वेळ गाडी चालवावी आणि मंदीच्या दिवशी लवकर घर गाठावं. नोंदींमध्ये उलटं दिसलं. दिवसाचा आकडा डोक्यात धरून बसलेले चालक चांगल्या दिवशी तो लवकर गाठून घरी जात आणि वाईट दिवशी तो गाठेपर्यंत रस्त्यावर थांबत. नवख्यांमध्ये हे जास्त दिसत होतं.

हेन्री फार्बर यांनी पुढे याच शहरातल्या खूप मोठ्या नोंदी तपासून यावर आक्षेप घेतला. बहुतेक चालक कमाई चांगली असेल तेव्हा जास्तच गाडी चालवतात, आणि अनुभवाने हे शहाणपण वाढतं, असं त्यांनी दाखवलं. अर्थशास्त्रज्ञांचा वाद आपल्याला मिटवायचा नाही. आपल्यापुरतं एवढं पुरे आहे की रोजचा आकडा नवख्याला चुकीच्या दिवशी थांबवू शकतो, आणि तो आकडा सोडून द्यायला शिकता येतं.

आपल्या शिवणकाम करणाऱ्या बाईने ‘रोज हजार रुपये’ असं ठरवलं तर काय होईल? ऑगस्टमधल्या एखाद्या दिवशी दोन ब्लाऊज आणि चार फॉल दुपारपर्यंत होतील, हजार भरतील आणि ती मशीन झाकेल. दारात आलेल्या गिऱ्हाइकाला ‘आठ दिवसांनी या’ म्हणेल. जुलैत मात्र रात्री नऊपर्यंत बसूनही हजार होणार नाहीत आणि ती खचेल. त्यापेक्षा दिवसाला तास मोजावेत, आठवड्याला नग आणि महिन्याला पैसे. सकाळी दहा ते एक आणि दुपारी तीन ते सात मशीनवर बसले की दिवस झाला, मग त्या दिवशी दोन ब्लाऊज होवोत नाहीतर तीन. आठवड्याचा आकडा शनिवारी पाहायचा.

ज्याचं हातावर पोट आहे, रिक्षाचं रोजचं भाडं मालकाला द्यायचं आहे आणि संध्याकाळी घरी पीठ-तेल न्यायचं आहे, त्याला रोजचा आकडा सोडा असं मी सांगणार नाही. तेवढा तर आलाच पाहिजे. पण तो किमान आकडा आहे, थांबण्याचा नाही. पंधरा दिवसांचा खर्च गाठीशी जमवणं हे अशा माणसाचं पहिलं ध्येय असावं, कारण तेवढी गाठ असल्याशिवाय लांबचा विचार करण्याची सवड त्याला मिळतच नाही.

५. हातातलं आणि हाताबाहेरचं

महिन्याला ७० ब्लाऊज हे तरी पूर्णपणे हातात आहे का? गिऱ्हाईक येणं आपल्या हातात नाही. गिऱ्हाईक यावं म्हणून जे करायचं ते हातात आहे. म्हणून नगांच्या आकड्याखाली आणखी दोन-तीन ओळी लिहाव्या लागतात. दिलेल्या तारखेला ब्लाऊज देणं. प्रत्येक बाईचं माप तारीख घालून वहीत उतरवणं, म्हणजे पुढच्या वेळी तिला मापाचा ब्लाऊज आणावा लागणार नाही. मंदीच्या महिन्यात दर सोमवारी दहा जुन्या गिऱ्हाइकांना ‘गौरीसाठी शिवायचं असेल तर आत्ताच टाका, नंतर गर्दी होईल’ असा निरोप पाठवणं. वायरिंगवाल्याने पाहणी केलेल्या घराचं कोटेशन त्याच संध्याकाळी द्यावं.

चित्रकाराचं उदाहरण हंगामाच्या दृष्टीने पाहण्यासारखं आहे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठीत हा हंगाम पक्का झालेला आहे. अंक दिवाळीत येतो, पण आखणी पावसाळ्याच्या तोंडाशीच सुरू होते. त्यामुळे ‘यंदा पाच अंकांची कामं मिळवणार’ यापेक्षा ‘जूनच्या १५ तारखेपर्यंत बारा संपादकांना चित्रांचे नमुने पोचवणार’ हे कितीतरी अधिक कामाचं आहे. ऑगस्टमध्ये दाखवलेले नमुने पुढच्या वर्षी उपयोगी पडतात.

वसुलीचंही तसंच. कंपन्यांना काम करून देणाऱ्यांचे पैसे महिनोन्‌महिने अडकतात. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाकडून माल किंवा सेवा घेणाऱ्याने ठरलेल्या मुदतीत, पण कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे असतात, नाहीतर व्याज द्यावं लागतं. त्यासाठी ‘उद्यम’ नोंदणी आधी केलेली असावी. पैसे कधी येतील ते आपल्या हातात नाही. काम दिलं त्याच दिवशी बिल पाठवणं आणि तिसाव्या दिवशी फोन करणं हातात आहे.

६. तारीख अंदाजाने देऊ नये

‘उद्या नक्की’ असं म्हणणारा शिंपी खोटं बोलत नसतो. त्याला खरंच तसं वाटत असतं. रॉजर ब्युलर, डेल ग्रिफिन आणि मायकेल रॉस यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना विचारलं, तुमचा प्रबंध किती दिवसांत पुरा होईल? सरासरी उत्तर ३३.९ दिवस आलं. प्रत्यक्षात ५५.५ दिवस लागले. डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ सालीच या कलाकडे लक्ष वेधलं होतं. पुढच्या कामाचा विचार करताना आपण ते काम सरळ पार पडताना पाहतो, मागच्या वेळी मध्ये काय काय आलं ते आठवत नाही.

यावर उपाय वहीत आहे. शेवटच्या दहा कामांपुढे दोन तारखा लिहा: सांगितलेली आणि दिलेली. सरासरी चार दिवस उशीर दिसला, तर पुढच्या गिऱ्हाइकाला आतून वाटेल त्यापेक्षा चार दिवस पुढची तारीख सांगा. मन कितीही ‘या वेळी होईल’ म्हणालं, तरी वहीचं ऐका.

ठरवलेलं काम प्रत्यक्ष सुरू व्हावं यासाठी पीटर गॉलविट्झर यांनी सुचवलेली युक्तीही साधी आहे. ‘मी निरोप पाठवीन’ असं लिहू नये. ‘सोमवारी सकाळचा चहा झाला की मशीन उघडण्याआधी निरोप पाठवीन’ असं लिहावं. जर्मनीत विद्यार्थ्यांना नाताळच्या सुट्टीत एक टिपण लिहून पाठवायला सांगितलं होतं. कधी आणि कुठे बसून लिहायचं हे ज्यांनी आधी ठरवलं, त्यांच्यात वेळेत पाठवणाऱ्यांचं प्रमाण इतरांच्या दुपटीहून जास्त निघालं.

७. सुट्टी कोण देणार

मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी आपोआप मिळाली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांची संघटना उभी केली, सभा घेतल्या, अर्ज केले, तेव्हा कुठे १८९० साली रविवारची सुट्टी पदरात पडली. घरी काम करणाऱ्यासाठी अशी चळवळ कुणी करणार नाही. मशीन घरात, फोन हातात, गिऱ्हाईक रात्री दहालाही ‘एवढं एक’ म्हणत येतं. म्हणून वर्षाच्या हिशेबात ते ८२ दिवस आधी वजा केले, उरले तर घेऊ असं ठेवलं नाही. सुट्टीचा दिवस वहीत कामासारखाच लिहावा, आणि संध्याकाळी सातनंतर माप घेणार नाही ही पाटी दारावर लावावी. गिऱ्हाइकं आठ-पंधरा दिवस कुरकुरतात, मग सातच्या आत येऊ लागतात.

८. महिन्याच्या एक तारखेला

साहेबाचं ‘पाहण्याचं’ काम उरलं. त्याला महिन्यातून एक तास लागतो. एक तारखेला वही उघडून ठरवलेलं आणि झालेलं शेजारी शेजारी लिहायचं. एक महिना कमी भरला तर कारण शोधावं, ध्येयाला हात लावू नये. सलग तीन महिने कमी भरलं तर ध्येय किंवा पद्धत बदलावी.

आपल्या बाईची सहामाही पाहू. एप्रिल ते सप्टेंबर ३०० ब्लाऊज व्हायचे होते. झाले २५५. घरात जूनभर आजारपण होतं आणि ऑगस्टमध्ये एक मशीन आठवडाभर बंद पडलं. ४५ मागे पडले. ऑक्टोबर ते मार्चचे ३०० आणि हे ४५ मिळून ३४५ करायचे म्हटलं, तर गर्दीच्या तीन महिन्यांत महिन्याला ८५, म्हणजे दिवसाला साडेतीन. तिची हद्द तीन आहे, हे आपण आधीच पाहिलं. जोर लावून ते होणार नाही.

दुसरा मार्ग दराचा. २५५ ब्लाऊजचे ९१,८०० रुपये आलेले आहेत, २,१६,००० पैकी उरले १,२४,२००. शिलाई ४५० ची ५०० केली तर एका ब्लाऊजमागे हातात ४१० राहतात. १,२४,२०० ला ४१० ने भागलं की येतात ३०३. म्हणजे मूळच्या ३०० मध्ये फक्त तीनची भर. तिने पितृपक्षातच नव्या दराचा कागद दारावर लावावा, आधी टाकलेले ब्लाऊज जुन्याच दराने द्यावेत, आणि घटस्थापनेपासून येणाऱ्या प्रत्येक ऑर्डरला ५०० सांगावेत.